नेझ्बीच्या माळावर

श्रोतेहो, नमस्कार. घोडदळाचा हल्ला म्हटलं की आपल्याला चौखूर उधळलेली घोडी दिसतात. नेझ्बीची लढाई मात्र घोडी कुणी आवरली, यावर फिरली.

नेझ्बी हे इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायरमधलं खेडं. १४ जून १६४५ची सकाळ. गावाच्या उत्तरेच्या माळावर राजा पहिला चार्ल्स आणि त्याच्याच पार्लमेंटचं सैन्य समोरासमोर आलं. पार्लमेंटकडे सुमारे १४ हजार माणसं, सेनापती फेअरफॅक्स. राजाकडे जेमतेम नऊ-दहा हजार. पार्लमेंटची ही नवी फौज उभी राहून काही महिनेच झाले होते. राजाच्या गोटात तिची टिंगलच चाले.

राजाचा भाचा रूपर्ट, वय २५, खरं तर साऱ्या सैन्याचा प्रमुख. पण हा गडी स्वतःच उजव्या बगलेच्या स्वारांत घुसला. चढावरून हल्ला चढवून त्यानं समोरची फळी फोडली, आणि तसाच दौडत थेट शत्रूच्या सामानाच्या गाड्यांपर्यंत गेला. त्याच्या डोक्यावर फेअरफॅक्ससारखीच लाल टोपी. तिथला एक पहारेकरी आपलाच सेनापती समजून, टोपी हातात धरून पुढे आला आणि विचारू लागला, लढाईचं कसं काय? रूपर्टनं शरण येता का म्हणून विचारलं. उत्तर बंदुकांनी मिळालं.

इकडे दुसऱ्या बगलेवर पार्लमेंटच्या घोडदळाचा प्रमुख क्रॉमवेल, त्यानंही समोरचे स्वार उधळले. पण पाठलागाला त्यानं थोडेच पाठवले. बाकीचे वळवून मधल्या, एकट्या पडलेल्या पायदळावर घातले. रूपर्ट परतला तोवर राजाचे हजारो शिपाई हत्यारं टाकत होते.

चार्ल्स स्वतः राखीव तुकडी घेऊन पुढे निघाला होता. तेवढ्यात कार्नवॉथच्या अर्लनं त्याच्या घोड्याचा लगाम धरला, ‘मरायला निघालात का?’ म्हणत घोडं वळवलं. मागच्यांना वाटलं, माघारीचाच हुकूम. सगळेच वळले नि पळत सुटले.

राजाची खासगी पत्रंही सापडली. परदेशी फौजा आणायच्या खटपटी त्यांत होत्या. पार्लमेंटनं ती छापूनच टाकली.

आणि त्या शिस्तीच्या फौजेनं त्याच दुपारी राजाच्या तळावरच्या शंभरेक बायका कापल्या, कित्येकींच्या तोंडावर वार केले. त्यांना आयरिश समजले होते; बहुधा त्या वेल्श बोलत होत्या.