चिंचोके उजव्या खिशात

नमस्कार श्रोतेहो. बाहेर पाऊस लागून राहिलाय, तेव्हा तुम्ही चहाचा कप हातात घेऊनच ऐकताय असं धरून चालते.

आजचा विषय मला कागदावर लिहून दिलाय, 'वर्तनसमस्या असलेल्या विद्यार्थ्यांची स्वव्यवस्थापन कौशल्ये'. हे उच्चारून होईपर्यंत पोरगं शेजारच्याच्या दप्तरावर पाय देऊन मोकळं होतं. आपण साधं बोलू. अंगावर धावून जाणारी, जागेवर न ठरणारी, बोलता बोलता हात उगारणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांनी स्वतःला कसं सांभाळावं, हे त्यांना शिकवता येतं. त्यातली एकच गोष्ट मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे. मोजायचं मुलानं. बाईंनी नाही, आईनं नाही. मुलानं.

आता ती हकीकत सांगते. माझ्याकडे शिकलेल्यांनी ती चारदा ऐकलीय, त्यांनी खुशाल चहा ओतून घ्यावा.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबीच्या अंगाला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथल्या एका मराठी शाळेत मी होते. तिकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. जून-जुलैत मैदान म्हणजे नुसता चिखल, तीन इयत्ता एका खोलीत, ओल्या घोंगड्यांचा वास, आणि पोरं दिवसभर कोंडलेली. भांडणं वाढणारच. आणि प्रत्येक भांडणाच्या मुळाशी चौथीतला एक पोरगा. नाव सांगत नाही, आता तो स्वतः बाप झालाय आणि त्याच्या घरीही रेडिओ असेल.

कुणी पेन्सिल घेतली, मार. कुणी हसलं, मार. कुणी नुसतं बघितलं, तरी मार. तेव्हा छडी टेबलावर उघडी पडलेली असायची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या १७ व्या कलमानं मारायला आणि मानसिक छळालाही बंदी घातली, ही त्याआधीची गोष्ट. छडी मीही वापरलीय, खोटं कशाला बोलू? त्याचा हात लाल व्हायचा आणि मधल्या सुट्टीत तोच हात पुन्हा चालायचा.

एक दिवस सहज विचारलं, "आज किती जणांना मारलास रे?" म्हणाला, "एकाला." माझ्या मोजणीत पाच. पोरगं खोटारडं नव्हतं. त्याला खरंच एकच आठवत होता. उरलेले चार हातानं परस्पर मारले होते, याला पत्ताच नव्हता!

मग मी घरून चिंचोके नेले. आपल्याकडे चिंच फोडली की चिंचोके घरात असतातच. घोंगडीला खळ देणारे लोक पूर्वी ते मागून न्यायचे. असो. दहा चिंचोके त्याच्या हाफपॅंटच्या उजव्या खिशात घातले आणि सांगितलं, कुणावर हात गेला की एक चिंचोका डाव्या खिशात टाकायचा. शाळा सुटताना मला दाखवायचं. (आजकाल शाळेच्या पॅंटीला खिसे कसले शिवतात हो? बोट जाईना आत. शिंप्यांनी मुलांच्या खिशात असा हात आखडता घेऊ नये, हे माझं जुनं भांडण आहे.)

पहिल्या दिवशी जमलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डाव्या खिशात तीन, उजव्या खिशात तीन.

"बाकीचे चार कुठं?"

"खाल्लो की, बाई."

रात्री आईनं खाऊ समजून भाजून दिले होते! त्या दिवसापासून चिंचोके शाळेतच, खडूच्या डब्यात ठेवायचे ठरलं.

त्या आठवड्याच्या शेवटी खरी गंमत झाली. मी माझ्या वहीच्या समासात रेघा मारत होते. माझ्या सहा रेघा झाल्या, त्यानं नऊ चिंचोके काढून टेबलावर ठेवले. मला वाटलं, थट्टा करतोय. म्हटलं, "सहाच की रे." तर म्हणतो, "तुम्ही फळ्यावर लिहीत होतासा बघा, तवा तीन."

माझी पाठ फिरली असताना मारलेले तीन, त्यानं आपणहून मोजून आणले होते. शेजारच्या गुरुजींचं म्हणणं, पोरानं कबुली दिलीय, आता तीन छड्या द्या. मी छडी कपाटात टाकली आणि पाठीवर हात ठेवून म्हटलं, "बरोबर मोजलास." एवढंच. त्या दिवशी शिक्षा केली असती तर दुसऱ्या दिवशी डावा खिसा रिकामाच आला असता, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि खिसा उजवाच का? त्याचा मारणारा हात उजवा होता. दोन-तीन आठवड्यांनी मी पाहिलं. शेजारच्यानं याची पट्टी ओढली. याचा हात वर गेला, मग तसाच खाली येऊन खिशात शिरला. आत चिंचोके खुळखुळले. हात खिशात असताना तो दुसऱ्याच्या गालावर कसा जाणार?

मग पुढची पायरी. हात थांबला, आता तोंडानं काय म्हणायचं? मी पुस्तकी मराठीत शिकवलं, "थांब, श्वास घे, मग बोल." पोपटासारखं म्हणायचा आणि विसरायचा. एकदा मात्र त्याला पुटपुटताना ऐकलं, "तडी, तडी." त्याची आजी कन्नड बोलणारी. लहानपणी हा धावत सुटला की ती म्हणायची, तडी. म्हणजे थांब. त्याला आवरणारा शब्द आजीच्या भाषेतला निघाला. मग आम्ही तोच घेतला. आधी मी मोठ्यानं म्हणायचं, मग त्यानं मोठ्यानं, मग कुजबुजत, मग मनातल्या मनात. मराठी शाळेत कन्नड शब्द शिकवला म्हणून मला एकानं टोकलंही. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवरून घसे बसतात, आणि घराघरात आजी एका भाषेची नि नातू दुसऱ्या भाषेचा, हे कुणी बघत नाही. जाऊ दे, तो विषय आजचा नाही.

पुष्कळ वर्षांनी एका प्रशिक्षणात कळलं, की मोठ्यानं, कुजबुजत, मग मनात, या क्रमाला बूड आहे. डोनाल्ड मायकेनबॉम आणि जोसेफ गुडमन या दोन संशोधकांनी १९७१ साली उतावळ्या मुलांवर हाच क्रम वापरून तो छापला होता. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या डॅनियल हॅलाहन या संशोधकाच्या मंडळींनी तर टेपवर अधूनमधून टिंग वाजवून मुलांनाच विचारायला लावलं, 'आत्ता माझं लक्ष होतं का?' आणि कागदावर हो-नाही अशी खूण करायला लावली. नुसतं मोजल्यानं वागणं बदलतं, असं त्यांनाही दिसलं. सवयीनं होणारी गोष्ट मोजायची म्हटली की ती होताना दिसते, आणि दिसली की धरता येते.

तुम्हाला करायचं असेल तर थोडक्यात सांगते. एका वेळी एकच खोड धरा. मारणं धरलं तर मारणंच. अक्षर, गृहपाठ, नखं सगळं त्यातच घुसडू नका. सुरुवातीला तुम्हीही वेगळं मोजा आणि संध्याकाळी दोघांचं ताडून बघा. आकडा जुळला की शाबासकी द्या, मग तो आकडा मोठा असला तरी. हे पुन्हा ऐका: आकडा मोठा असला तरी. जुळायला लागला की तुमचं मोजणं दिवसाआड करा, मग आठवड्यातून एकदा, मग सोडून द्या. त्याचं त्याच्याकडेच राहू द्या. मोजायचं मुलानं. आणि मूल फार लहान असेल तर चिंचोके नकोत, नाकात घालतात. कार्डावर खडूची रेघ पुरते.

पालक विचारतात, बाई, किती दिवसांत फरक पडेल? माझ्या पोरानं जूनमध्ये दिवसाला आठ-नऊपासून सुरुवात केली. गणपतीपर्यंत एक-दोनवर आला. मग दसऱ्याची सुट्टी लागली. सुट्टी संपून पहिल्या दिवशी संध्याकाळी तो टेबलापाशी आला, डावा खिसा उलटा केला आणि स्वतःच मोजून दाखवलं. सात.

मी खडूचा डबा उघडला. दुसऱ्या दिवसासाठी दहा पुन्हा मोजून ठेवले.

नमस्कार.