फोडणीतली हळद, कातडीवरची बुरशी

[काचेचा पेला. खिडकीतला उजेड.]

पाण्यात चिमूटभर हळद टाकली, ढवळली. पाणी पिवळं झालंसं वाटतं. पण तासाभरानं बघा, हळद तळाशी बसलेली. तीच चिमूट फोडणीत पडली की तेल क्षणात सोनेरी.

हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन असं आहे. तेलाशी त्याचं जमतं, पाण्याशी नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत ते बुरशीची वाढ रोखतं. मग गजकर्णावर लेप लावून भागत का नाही?

[मनगटावरचा गोल, लाल कडेचा चट्टा.]

गजकर्णाची बुरशी कातडीच्या सगळ्यात वरच्या, मृत थरात राहते आणि तिथलं केराटिन हे प्रथिन खाते. हा थर कागदाहून पातळ, पण विटांसारख्या रचलेल्या पेशी आणि मध्ये चरबीचा गिलावा. हळदीची पूड या भिंतीपुढे म्हणजे बोळात शिरू पाहणारा ट्रक. लेप वाळतो, गळून पडतो, सदरा पिवळा होतो. बुरशी जागच्या जागी.

त्यात ही बुरशी आता चिवट झालीय. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या एका जातीला नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नेहमीचं बुरशीनाशक औषध टर्बिनाफिन तिच्यावर अनेकदा चालत नाही. (मेडिकलमधून स्वतःच आणलेली स्टेरॉइडची ट्यूब तर आगीत तेल. खाज थांबते, बुरशी पसरते.)

[घुसळणारं यंत्र. दुधाळ पिवळं द्रावण.]

म्हणून संशोधक कर्क्युमिन वितळलेल्या चरबीत विरघळवतात, म्हणजे फोडणीच. मग ती चरबी साबणासारखा पदार्थ घातलेल्या गरम पाण्यात प्रचंड वेगानं घुसळतात. थंड झाल्यावर चरबीचे कण गोठतात, साधारण 200 नॅनोमीटरचे. केसाच्या जाडीत असे चारशे कण ओळीनं मावतील. कातडीवर त्यांचा पातळ पापुद्रा बसतो आणि औषध हळूहळू गिलाव्यात झिरपतं. काही जण वर कोळंबीच्या टरफलांपासून केलेल्या कायटोसानचा मुलामा देतात. त्याचा विद्युतभार धन, बुरशीच्या भिंतीचा ऋण, त्यामुळे कण चिकटून राहतो.

चरबीत औषध भरणं मुंबईला नवं नाही. मूत्रपिंडाला झोडपणारं बुरशीनाशक अॅम्फोटेरिसिन-बी लायपोसोममध्ये, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून सुसह्य करण्याचं काम केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या चमूनं केलं. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या लाटेत लायपोसोमल अॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक शहरभर फिरत होते.

हळदीचे कण अजून रुग्णांपर्यंत पोचलेले नाहीत. बरंचसं काम बशीत आणि उंदरांवरच झालंय. हळद शेतागणिक बदलते, कण साठवणीत एकमेकांना चिकटतात, आणि कर्क्युमिनला उजेड सोसत नाही.

[दोरीवर वाळणारं पातळ.]

हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, हे घरोघरी ठाऊक आहे. सांगलीजवळ हरिपूरला हळद ठेवायचे ती पेवात, जमिनीखाली, अंधारात. इथे तेच काम चरबीच्या कवचाकडून करून घ्यायचंय.