पहिली मॅरेथॉन : दम आधी, हाडं मागून

(पडद्यावर : डांबरी रस्त्यावर पडणारी पावलं, अगदी जवळून. फक्त बुटांचा आवाज.)

42 किलोमीटर आणि 195 मीटर. हे अंतर कुणी माणसाच्या शरीराचा अभ्यास करून ठरवलेलं नाही. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. ते अंतर होतं 26 मैल 385 यार्ड. त्याआधी, 1896 साली अथेन्सला, मॅरेथॉन साधारण 40 किलोमीटरची होती. 1921 मध्ये लंडनचा आकडा कायम झाला आणि आजही तोच चालतो.

धावणाऱ्याच्या दृष्टीनं हा आकडा फार कठीण निघाला. स्नायूंत आणि यकृतात साठलेलं इंधन बहुतेकांना 30-32 किलोमीटरपर्यंत कसंबसं पुरतं. त्यानंतर दहा किलोमीटर उरतातच. पहिल्या मॅरेथॉनची तयारी म्हणजे त्या शेवटच्या दहा किलोमीटरपर्यंत धडधाकट पोचण्याची आणि ते पार करण्याची तयारी.

हे आपल्याला झेपेल का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. कुणाच्या शरीराला काय झेपतं याबद्दलचे अंदाज फार वेळा चुकलेले आहेत. इतकं अंतर बाईच्या शरीराला सोसणार नाही, असं जाणकार म्हणवणारे लोक कित्येक वर्षं सांगत होते. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली ती थेट 1984 मध्ये, लॉस एंजेलिसला. जोन बेनॉइट यांनी ती 2 तास 24 मिनिटं 52 सेकंदांत जिंकली. तेव्हा झेपण्याचा प्रश्न बाजूला ठेवू या. हृदयाचा जुना त्रास असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जायचं. बाकीच्यांनी बूट घालायचे.

(पडद्यावर : दोघं शेजारी शेजारी धावतायत, गप्पा मारत.)

या दोघांकडे बघा. ती बोलतेय, तो ऐकतोय, मध्येच हसतोय. दोघांचंही वाक्य तुटत नाही. पहिल्या महिन्यात धावायचा वेग हाच. धावता धावता पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे. दर दोन शब्दांनी श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त झाला, कमी करा. कमी करूनही धाप लागत असेल तर चाला. मग पुन्हा धावा.

नव्यानं धावणाऱ्याला सगळ्यात जड जातं ते हेच. हळू धावताना वाटतं, याला काय व्यायाम म्हणायचं? घाम नीट आला नाही, पाय दुखले नाहीत, म्हणजे आजचा दिवस वाया गेला. मग तो रोज थोडा जास्त जोर लावतो. रोजची धाव परीक्षा होऊन बसते आणि महिन्याभरात एक तर कंटाळा येतो, नाही तर पाय धरतो.

न्यूझीलंडचे आर्थर लिडियर्ड यांनी ही गोष्ट स्वतःवर प्रयोग करून शोधली. ते बुटांच्या कारखान्यात काम करायचे. रस्त्यावर मैलोन् मैल धावून त्यांनी ठरवलं की आधी भरपूर, पण सोसवेल अशा वेगानं धावायचं. वेगाचा सराव नंतर. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्याच शिष्यांनी पदकं आणली. पीटर स्नेल यांनी 800 मीटरचं सुवर्ण, मरी हॅलबर्ग यांनी 5000 मीटरचं सुवर्ण, बॅरी मगी यांनी मॅरेथॉनचं कांस्य. 800 मीटर म्हणजे जेमतेम पावणेदोन मिनिटांची शर्यत, आणि तिची तयारीसुद्धा लांब पल्ल्याच्या धावण्यातून झाली होती.

हळू धावताना आत काय चालतं ते बाहेरून दिसत नाही, म्हणूनच त्यावर विश्वास बसत नाही. स्नायूंच्या तंतूंभोवती नव्या केशवाहिन्या फुटतात. पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया वाढतात. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, त्यामुळे बसल्या जागीही नाडी मंदावते. आणि शरीर साखरेबरोबर चरबीही जास्त प्रमाणात जाळायला शिकतं. मघाशी म्हटलेल्या शेवटच्या दहा किलोमीटरला ही चरबीच हात देणार असते.

(पडद्यावर : आठवडे दाखवणारी वही. पानांवर किलोमीटरचे आकडे.)

आठवड्याचं गणित सोपं आहे. पाच-सहा किलोमीटर न थांबता धावता येत असतील तर 16 ते 20 आठवडे द्यावेत. मुळीच धावत नसाल तर त्याआधी आणखी दोन-तीन महिने. आठवड्यातून चार दिवस धावणं बहुतेकांना पुरतं, त्यातला एक दिवस लाँग रनचा, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब धावेचा. तो थोडा थोडा वाढवायचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी मुद्दाम कमी करायचा. शेवटी तो 30 किंवा 32 किलोमीटरपर्यंत न्यायचा आणि थांबायचं. सरावात पूर्ण 42 धावून बघायचा मोह होतो. त्यातून फारसा फायदा होत नाही, आणि शरीर सावरायला जो वेळ लागतो त्यात पुढचे आठवडे जातात.

आता तयारीतला सगळ्यात फसवा काळ.

सहा-आठ आठवडे झाले की एक दिवस अचानक लक्षात येतं, दम लागत नाहीये. पूर्वी ज्या चढावर थांबावं लागायचं तो कधी संपला ते कळलंच नाही. छाती मोकळी, मन खूश. आता वाढवू या की! इथेच खूप जण अडकतात. कारण हृदय आणि फुप्फुसं तयार झाली म्हणजे सगळं शरीर तयार झालं असं होत नाही. रक्त आणि श्वास आठवड्यांत सुधारतात. स्नायूंना त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, आणि हाडं मात्र महिन्यांच्या हिशेबानं चालतात.

हाडाचं काम तर विलक्षण आहे. धावण्याचा भार पडू लागला की शरीर आधी हाडाचा जुना भाग थोडा थोडा खरवडून काढतं आणि मग तिथे नवं, जास्त मजबूत हाड घालतं. खरवडायला काही आठवडे पुरतात. भरायला दोन-तीन महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा किंचित कमकुवतच असते. नेमका तोच काळ दम वाढल्याचा असतो. जोर लावावासा वाटतो तेव्हा हाड म्हणत असतं, थांब. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार एका पायावर येतो, आणि एका तासात अशी हजारो पावलं पडतात.

(पडद्यावर : एक हात. अंगठा नडगीच्या आतल्या कडेवरून हळूहळू खाली सरकतोय.)

ही तपासणी नीट बघून ठेवा. नडगीच्या आतल्या कडेनं, गुडघ्याखालून घोट्यापर्यंत, अंगठा दाबत यायचं. बरीच लांब पट्टी दुखरी लागत असेल, तर भार वाढवण्याची घाई झालेली आहे. धावणं कमी करा, काही दिवस विश्रांती घ्या, ते बहुतेक वेळा निवळतं. पण अंगठा एका ठिकाणी आला आणि तेवढ्याच, नाण्याएवढ्या जागी कळ आली, चालतानाही ठणकतंय, रात्रीही जाणवतंय, तर धावणं त्याच दिवशी बंद. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. त्यावर पट्टी बांधून, गोळी घेऊन धावू नका. डॉक्टरांना दाखवा. शर्यत पुढच्या वर्षीही असते.

म्हणून वाढ करताना दमाला विचारू नये. पोटरीला, टाचेला, नडगीला विचारावं. सकाळी अंथरुणातून उतरताना पहिली चार पावलं टाचेत टोचतायत का? जिना चढताना गुडघा बोलतोय का? ज्या अवयवाला सगळ्यात जास्त वेळ लागतो, त्याच्या वेळापत्रकानं बाकीच्यांनी चालायचं. आठवड्यातून दोनदा पायांच्या ताकदीचा व्यायामही हवाच. एका पायावर टाच उचलणं, बैठका, पायरीवर चढणं-उतरणं. वीस मिनिटं पुरतात.

आजारपण, कामाचा ताण, घरचं काही, यात एखादा आठवडा जातोच. गेलेला आठवडा भरून काढू नका. पुढच्या आठवड्यात दुप्पट धावणं ही दुखापतीची सगळ्यात सरळ वाट. जिथे होतो त्याच्या थोडं मागे जाऊन सुरू करायचं.

चालण्याची लाज वाटणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगायला हवी. 1972 च्या ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी नवख्यांना वेगळी पद्धत शिकवली. काही मिनिटं धावायचं, मिनिटभर चालायचं, आणि हे पहिल्या किलोमीटरपासून करायचं, दमण्याची वाट न बघता. या पद्धतीनं असंख्य लोकांनी मॅरेथॉन पूर्ण केली आहे. त्यांचं अंतरही 42.195 च होतं.

आणि एमिल झाटोपेक. 1952, हेलसिंकी ऑलिंपिक. 5000 आणि 10,000 मीटरची सुवर्णपदकं जिंकून झाल्यावर हा माणूस मॅरेथॉनला उभा राहिला. त्याआधी तो एकही मॅरेथॉन धावलेला नव्हता. ती त्यानं 2 तास 23 मिनिटं आणि काही सेकंदांत जिंकली. ही गोष्ट ऐकून अंगावर काटा येतो, यायलाच हवा. पण त्याच्यामागे वर्षानुवर्षांचा असा सराव होता की त्या काळातले धावपटूही चक्रावायचे. मॅरेथॉन पहिली होती, पाय जुने होते.

(पडद्यावर : पाण्याचं टेबल. कागदी पेल्यांच्या रांगा.)

आता इंधन. शरीरात साधारण 500 ग्रॅमपर्यंत ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, साठतं, म्हणजे सुमारे 2000 कॅलरी. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च होते. 65 किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनला 2700 च्या आसपास लागतात. काही वाटा चरबी उचलते. वेग जितका जास्त, तितका साखरेचा वाटा जास्त. सुरुवातीला उधळलेला माणूस 30 व्या किलोमीटरला रिकामा होतो तो यामुळेच. पाय शिशाचे होतात. रक्तातली साखर उतरली तर मनही खचतं, कारण मेंदूलाही तीच लागते.

उपाय म्हणजे धावता धावता खाणं. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं, आणि भूक लागायच्या आधीपासून. धावताना चोखायच्या गोड, घट्ट जेलच्या एका पाकिटात साधारण 20 ते 25 ग्रॅम असतात. पण धावत असताना रक्त पायांकडे वळलेलं असतं, पोट कुरकुर करतं. त्यालाही सराव लागतो. प्रत्येक लाँग रनला तेच खा, तेच प्या, जे शर्यतीच्या दिवशी घेणार आहात. त्या दिवशी नवं काहीही नको. नवे बूट नकोत, नवे मोजेही नकोत.

पाणी तहानेप्रमाणे. जास्त पाणी प्यायलं की सुरक्षित, ही समजूत धोक्याची आहे. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या 13 टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, प्रमाणाबाहेर उतरलेलं होतं. धावताना ज्यांचं वजन वाढलं, म्हणजे घामावाटे गेलं त्याहून जास्त जे प्यायले, त्यांना धोका अधिक होता. हळू धावणाऱ्याला प्यायला वेळही जास्त मिळतो, म्हणून पहिल्यांदा धावणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

पेला घेतला की त्याची कड दोन बोटांत चिमटून चोच करा. पाणी नाकात जात नाही. दहा पावलं चाला, दोन घोट घ्या, पुढे निघा.

शेवटचे दोन-तीन आठवडे टेपरचे, म्हणजे सराव उतरवत आणण्याचे. धावणं निम्म्यावर आणायचं, थोडा वेग मात्र ठेवायचा. या दिवसांत मन सैरभैर होतं. सराव कमी पडला असं वाटतं, कधी न दुखलेला गुडघा दुखू लागतो. जायचं नाही कुठे. झोपायचं.

(पडद्यावर : सुरुवातीच्या रेषेमागची गर्दी. बिब, म्हणजे छातीवरचा क्रमांक, लावणारे हात.)

शर्यतीच्या सकाळी पाय ताजे असतात, अंगात चेव असतो, बाजूनं लोक सुसाट निघालेले असतात. पहिल्या पाच किलोमीटरला इतका सोपा वेग ठेवा की अवघडल्यासारखं वाटावं. घड्याळ बघा, गर्दी बघू नका. अर्ध्या अंतरावर बोलता आलं पाहिजे. 30 किलोमीटरनंतर पुढचा खांब, पुढचं वळण, पुढचं पाण्याचं टेबल, एवढंच बघायचं. चालावं लागलं तर चाला, पण खाणं थांबवू नका. नवख्याचा हात नेमका तिथेच खिशातल्या जेलकडे जात नाही, कारण मळमळतं. अर्धं तरी घ्या, पाण्याबरोबर.

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका. इतका वेळ पायांचे स्नायू रक्त वर ढकलत होते. एकदम थांबलात तर रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते. दहा मिनिटं चालत राहा, कोरडे कपडे घाला, थोडं खा.

खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, तेही जिना चढताना कमी, उतरताना जास्त. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि त्याचे तंतू आधीच दुखावलेले असतात. कठडा धरून उतरा. दोन आठवडे जोरात धावू नका. आठवड्याभरात पाय हलके वाटतील, पण नडगीवरून एकदा अंगठा फिरवून बघा.