दादाची शाळा, धाकटीची सकाळ

जूनचा मधला आठवडा. दारात नवे बूट, खुंटीला नवं दप्तर. दादाला सहा वर्षं पूर्ण झाली, तो पहिलीत निघालाय. धाकटी अडीच वर्षांची. दप्तर तिनं पाठीला अडकवलंय. ते जमिनीला टेकतंय, पण काढू म्हटलं तर किंकाळी.

तिला तिची पिशवी हवी. जुनी कापडी चालते. आत पाटी, एक खडू, छोट्या डब्यात पोळीचा तुकडा. दादाचं दप्तर मात्र वरच्या खुंटीला. वही एकदा फाटली की रोज भांडण, आणि बोलणी तिलाच.

आता हे नीट बघा. आजी धाकटीला कोंबड्या दाखवायला परसात नेते आणि पुढच्या दारानं दादा पसार. बहुतेक घरांत हेच चालतं, रडणं टळावं म्हणून. धाकटी परत येते. पलंगाखाली वाकून बघते, मोरीचं दार ढकलते. दुसऱ्या दिवशी ती आईचा पदर सोडत नाही. नजर हटली की माणूस नाहीसं होतं, एवढं तिला कळलेलं असतं.

म्हणून निरोप उंबऱ्यावरच. टाटा, रोज त्याच शब्दांत, अर्ध्या मिनिटात. लांबवला की रडू चढतं. ‘पाच वाजता येतो’ सांगून उपयोग नाही, तिला घड्याळ कुठलं कळायला! ‘तू जेवशील, झोपशील, उठून दूध पिशील, मग दादा येईल.’ हा क्रम तिला पाठ होतो. शनिवारी शाळा सकाळची असेल तर बदल आदल्या रात्रीच सांगायचा. रविवार मध्ये येतो, त्यामुळे सोमवारी रडू पुन्हा पहिल्यापासून.

‘अंगणवाडीत घाला की!’ शेजारीण म्हणते. पण तिथली गाणी-गोष्टी तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. अडीच वर्षांचीला घरी न्यायचं आहाराचं पाकीट मिळतं, बसायला जागा बहुतेक ठिकाणी नाही. अंगणवाडीची योजना १९७५ची, पण तिसऱ्या वर्षाआधीची ही मधली वर्षं अजून आईच्याच कडेवर.

काही मुलं या दिवसांत पुन्हा अंथरूण ओलं करतात, बोबडं बोलतात. रागावलं नाही तर बहुधा काही आठवड्यांत थांबतं.

दादा आला. ती झेपावते, तो ढकलतो. भूक लागलीय, दिवसभर एका जागी बसून अंग आंबलंय. आधी हातपाय, खाणं, वीसेक मिनिटं शांतता. मग शाळा-शाळा. दादा गुरुजी, हातात पट्टी. हजेरी सुरू होते. वर्गात एकच मुलगी, आणि ती प्रत्येक नावाला ‘हजर’ म्हणते.