कापसाच्या खोलीतला बसून

(दृश्य: वर्धा जिल्ह्यातलं एक खेडं. ओसरीमागची खोली, खिडकीच्या निम्म्यापर्यंत कापूस.)

निवेदन:
भाव वाढेल म्हणून घरातच ठेवलेला हा कापूस. त्याला पाठ लावून लोखंडी खुर्च्यांवर बारा जण बसलेत. सात व्हायोलिन, त्यांहून जरा मोठे दोन व्हायोला, आणखी मोठे दोन चेलो, सगळ्यात मोठा एक डबल बास. तेरावी उभी आहे. मुख्य व्हायोलिन तिचं. कुणी नागपूरहून आलंय, कुणी यवतमाळहून. खोली मास्तरांची, आणि पुढ्यातली पेन्सिलने गिचमिड झालेली स्वरलिपीही त्यांचीच.

वाजवायचाय मेंडेल्सोन या जर्मन संगीतकाराचा ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एक मुख्य व्हायोलिन आणि साथीला अख्खा वाद्यवृंद. याची सुरुवात डोक्यात घोळतेय, असं त्याने फेर्डिनांड डेव्हिड या व्हायोलिनवादक मित्राला कळवलं ते १८३८ साली. लाइपझिगला डेव्हिडने तो पहिल्यांदा वाजवला १३ मार्च १८४५ ला.

मूळ रचनेत फुंकायची वाद्यं बारा: बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न, ट्रम्पेट, प्रत्येकी दोन. वर टिम्पनी, म्हणजे मोठे नगारे. इथे माणसंच बारा, आणि सगळ्यांच्या हातात तारा.

रिकाम्या जागा भरणं सोपं. मास्तरांनीही आधी तेच केलं आणि फसले. पहिल्या भागात एक हळुवार धून येते. ती बासऱ्या आणि क्लॅरिनेट वाजवतात आणि खाली मुख्य व्हायोलिन आपली सगळ्यात खालची मोकळी तार नुसती धरून ठेवतं. मास्तरांनी ती धून सातही व्हायोलिनना दिली. झालं, धरलेला सूर बुडाला. तारेवर तार, कोण कुठे कळेना. मग फक्त चौघांना ठेवलं, दोन व्हायोलिन आणि दोन व्हायोला, तेही घोडीवर आवाज दबवणारा म्यूट लावून. मुख्य व्हायोलिनला म्यूट नाही. आता खालची तार ऐकू येते.

(दृश्य: व्हायोलाच्या तारेवर बोट आणि बो, म्हणजे गज, अगदी जवळून.)

खरी अडचण बसूनची, त्या लांबलचक, खोल आवाजाच्या फुंकवाद्याची. नाव ऐकून ओसरीतली पोट्टी खिदळली होती, "बसून वाजवतेत का?"

पहिला भाग दणक्यात संपतो, पण एक बसून ‘बी’ या सुरावर थांबून राहतो. सगळे गप्प, तो एकटाच. मग अर्ध्या सुराने वर ‘सी’वर सरकतो आणि तिथून दुसरा भाग उमलतो. मध्ये खंड म्हणून नाही. चेलोला हा ‘बी’ सर्वांत वरच्या तारेवर सहज मिळतो, पण फार उजळ लागतो. व्हायोलाच्या जी तारेवर तोच सूर जरा घोगरा येतो. मास्तरांनी व्हायोला निवडला. मला वाटतं, अख्ख्या अरेंजमेंटमधली सगळ्यात चोख निवड हीच.

"सर, बो संपतो."

"संपू दे. पण दोघींनी एकदम बदलाचा नाही. गोंधळातले झीलकरी पाह्यले ना? एक दम घेते तं दुसरा धरून राह्यते."

कापूस आवाज गिळतो. बो उचलला की सूर तिथेच मेला. म्हणून दोन दिवस हाच एक ‘बी’ चाललाय. तिसऱ्या भागातली ट्रम्पेटची ललकारी त्यामानाने लवकर बसली. सगळ्यांनी दोन-दोन तारा एकदम ओढल्या, डबल बासने बोटाने तार छेडत टिम्पनीची जागा घेतली. ट्रम्पेट नाही झाली, पण चाललं.

(दृश्य: रिकामी खोली. फरशीवर कापसाचे पुंजके.)

पुढच्या तालमीपर्यंत कापूस जिनिंगला गेलेला. तोच ‘बी’ वाजला आणि भिंतींना लागून परत आला. बो बदलला तरी सूर तुटेना. मास्तर थबकले. पुन्हा वाजवायला लावलं, या वेळी एकटीलाच. मग खोडरबर घेऊन ‘दोघी’ खोडलं आणि ‘एक’ लिहिलं.

"सर, मंग मी काय करू?"

"तू? तू बसून राह्य."