नसलेल्या नदीची सरहद्द

मंडळी, आफ्रिकेची वाटणी म्हटलं की जर्मन चॅन्सेलर बिस्मार्कचा बर्लिनमधला दिवाणखाना आणि नकाशावर रेघा ओढणारे चौदा देशांचे प्रतिनिधी डोळ्यांसमोर येतात. हे चित्र चुकीचं आहे आणि ते आपल्या मनातून जावं, असं मला फार वाटतं. बर्लिनची परिषद १५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ चालली. एकही आफ्रिकी प्रतिनिधी तिथे नव्हता, हे खरंच. पण तिच्या ३८ कलमांतला बराच मजकूर काँगो आणि नायजर नद्यांवरच्या व्यापाराचा आहे. ताब्याबद्दल बोलतात ती कलम ३४ आणि ३५: नवा मुलूख घेतलात तर बाकीच्यांना कळवा आणि तिथे प्रत्यक्ष अंमल ठेवा. तेही फक्त किनाऱ्यावर, हे लक्षात घ्या!

रेघा पडल्या त्या दोन-दोन सरकारांच्या आपसातल्या करारांत. त्यातला एकच नीट पाहू.

१० सप्टेंबर १८८४ ला आजच्या नायजेरियातल्या ओल्ड कॅलाबारच्या राजे-सरदारांनी ब्रिटनशी तह केला. ब्रिटनने संरक्षण द्यायचं, त्यांनी ब्रिटनच्या संमतीशिवाय इतर सत्तांशी करार करायचे नाहीत. शेजारी कामेरूनमध्ये त्याच वर्षी जर्मनीने झेंडा रोवला होता. १८८५ मध्ये लंडन आणि बर्लिनने हद्द ठरवली: रिओ देल रे नदीच्या मुखापासून उजव्या तीराने उगमापर्यंत, तिथून सरळ क्रॉस नदीकडे, ती ओलांडून ९ अंश ८ मिनिटं पूर्व रेखांशाच्या आसपास, ब्रिटिश आरमाराच्या नकाशात जिथे धावत्या पाण्याची खूण होती तिथवर. वाचताना वाटतं, किती काटेकोर! पण रिओ देल रे ही नदीच नाही. खारफुटीतली खाडी आहे ती, तिला उगम कुठून असणार? अशी नदी नाही, हे १८९० च्या करारात दोन्ही सरकारांना लिहून द्यावं लागलं.

मग रेघ खाडीच्या टोकापासून धरली. ११ मार्च १९१३ च्या करारात ती पश्चिमेला आक्वायाफे नदीवर सरकली आणि बकासी द्वीपकल्प जर्मनीकडे गेलं. त्या करारावर कॅलाबारच्या एकाही राजाची सही नाही. पुढे नायजेरियाने हेगच्या न्यायालयात विचारलं, संरक्षण करायला आलेल्याने दुसऱ्याची जमीन देऊन कशी टाकली? १० ऑक्टोबर २००२ ला न्यायालयाने १९१३ चाच करार ग्राह्य धरला. २००८ च्या ऑगस्टमध्ये नायजेरियाकडून कामेरूनकडे बकासीचं हस्तांतर पूर्ण झालं. मला तो प्रश्न आजही बिनतोड वाटतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा वाटणीची रीत भराभर सांगतो. आधी स्थानिक राजाची सही. इथेच दगा होई: आजच्या झिम्बाब्वेतल्या न्देबेले राजा लोबेंगुलाला १८८८ मध्ये तोंडी सांगितलं की दहाहून जास्त गोरे येणार नाहीत, कागदावर ते आलंच नाही. मग त्या कागदावर दावा. नुसता जुना हक्क पुरत नसे. पोर्तुगाल आफ्रिकेत शतकानुशतकं होतं, १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार तर आपल्या गोव्यातून चाले. तरी अंगोला ते मोझांबिक सलग पट्टा मागितल्यावर ११ जानेवारी १८९० ला ब्रिटनने निर्वाणीचा खलिता धाडला आणि पोर्तुगालला सैन्य मागे घ्यावं लागलं.

त्यानंतर दोन राजधान्यांत रेघ, आणि कित्येक वर्षांनी सीमा आयोग जमिनीवर. रेखांश वेळेवरून काढायचा. क्रोनोमीटर, म्हणजे अचूक वेळ दाखवणारं घड्याळ, चार सेकंद चुकला की रेखांश एका मिनिटाने चुकतो आणि विषुववृत्ताजवळ खांब जवळपास १.८५ किलोमीटर सरकतो. जिथे तारयंत्र नाही, तिथे घड्याळ पडताळायला आकाशच.

याच रेघा आफ्रिकी एकता संघटनेने जुलै १९६४ मध्ये कैरोत मान्य केल्या. एक उकरली तर सगळ्याच उकरल्या जातील, ही भीती होती. सोमालिया आणि मोरोक्कोने ते स्वीकारलं नाही. मोरोक्को आणि अल्जीरिया १९६३ मध्येच लढले होते, सोमालिया १९७७ मध्ये इथिओपियाच्या ओगादेनमध्ये घुसला.