स्टिकरचा भाव फुटावर काढू नका, आधी रोल बघा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत प्लॉटरचं, म्हणजे स्टिकर कापायच्या मशीनचं, ब्लेड कसं बदलायचं ते दाखवलं होतं. खाली कमेंट बघते तर निम्म्या लोकांचा एकच प्रश्न: "ताई, प्रिंटेड स्टिकरला स्क्वेअर फुटाला काय घेता?" गणपती जवळ आले की हा प्रश्न हमखास वाढतो. मंडळांची कामं सुरू होतात ना. म्हणून आज फक्त भावावर बोलू.

सोपं ते आधी उरकते. व्हिनाईल (स्टिकरचा प्लास्टिकचा रोल), शाई, लॅमिनेशन (छपाईवरचा पारदर्शक थर), ट्रान्सफर टेप (स्टिकर उचलून लावायची टेप), वीज, गाळ्याचं भाडं, मजुरी, हे सगळं धरायचं. लांबी गुणिले रुंदी, दोन्ही इंचात, भागिले १४४, की स्क्वेअर फूट आले. हे तुम्हाला येतंच.

आता जिथे पैसे जातात तिथे येऊ. गिऱ्हाईक स्टिकरचे फूट मोजतं. तुमचे पैसे जातात रोलच्या फुटांवर. हे दोन आकडे वेगळे आहेत.

२०२३ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिने दिले होते, आठवतंय? तेव्हा आमच्या भांडुपच्या गाळ्यात जेवायलाही फुरसत नव्हती. त्याच गडबडीत एक दुकानदार आले. काचेचं दोन पाखी दार, प्रत्येक पाखावर २५ इंचाचं गोल स्टिकर, नाव मराठीत. मी गोलाभोवतीचा चौकोन धरून स्क्वेअर फूट काढले, एकाचे ४.३४, दोनाचे ८.६८. ७० रुपये दराने ६०८ रुपये सांगितले. ते खूश, मीही खूश.

[स्क्रीनवर रोलचं चित्र]

हा बघा चार फुटी रोल, म्हणजे ४८ इंच. दोन्ही कडांना रोलरची पकड असते, म्हणून छापायला साधारण ४६ इंच मिळतात. त्यात २५ चं एकच बसतं. दुसरं त्याच्या खाली गेलं. म्हणजे रोल गेला ४८ बाय ५०, साडेसोळा फुटांच्या वर! समजा व्हिनाईल आणि लॅमिनेशन मिळून फुटाला ३० पडतात, तर तिथेच ५००. शाई फक्त स्टिकरच्या ८.६८ फुटांची, फुटाला १० धरा, ८७ झाले. ६०८ मधून ५८७ गेले, हातात २१ रुपये. कापणं, दारावर जाऊन चिकटवणं, येण्याजाण्याचं भाडं, सगळं त्या २१ रुपयांत.

आता कोणीतरी नक्की लिहिणार, "ताई, उरलेल्या पट्ट्यावर दुसरं काम घ्यायचं." घ्यायचंच, पण छापण्याआधी. त्याच फाईलमध्ये शेजारी दुसऱ्याचं काम बसवता आलं तर उत्तम. एकदा कापून बाजूला पडलेला २१ इंची तुकडा मशीनला परत लावायचा, तर पुढचे काही इंच पकडीतच जातात. माझ्याकडे असे तुकडे ड्रमभर आहेत. त्यांचे पैसे मी भरलेत, गिऱ्हाइकाने नाही.

हेच दुसऱ्या बाजूने बघा. घरगुती मसाले करणाऱ्या एक काकू येतात, बरणीवर लावायला दोन इंची गोल ५०० लेबलं. रोलवर छान बसतात, वाया फार जात नाही. फुटाच्या हिशोबाने जेमतेम १४ फूट. पण हाफ कट (वरचं व्हिनाईल कापायचं, खालचा कागद नाही) मारल्यावर मधली जाळी, म्हणजे लेबलांमधलं उरलेलं व्हिनाईल, कोण काढणार? कोपऱ्यात चाकूचं टोक घालून अलगद उचलायची, ओढताना कोन सपाट ठेवायचा, नाहीतर जाळीबरोबर लेबलंही उठतात आणि ती ओळ पुन्हा छापावी लागते. इथे रोल वाचला, पण तास गेला. फुटाच्या दरात तो तास दिसतच नाही. मी जाळी काढताना मोबाईलवर वेळ लावते आणि तेवढ्या मिनिटांची मजुरी वेगळी धरते. तुम्ही आठवडाभर वेळ लावून बघा.

घाईच्या कामाबद्दल एक सांगते. सॉल्व्हंट, म्हणजे द्रावकातल्या, शाईची छपाई किमान एक दिवस उघडी सुकू द्या, मग लॅमिनेशन. एका मंडळाच्या आग्रहाखातर मी संध्याकाळी छापून रात्रीच लॅमिनेट केलं. चार दिवसांत कडा वळल्या, सगळं काम फुकट पुन्हा करून दिलं. "आजच द्या" म्हणणाऱ्याला मी आता स्पष्ट नाही म्हणते.

आणि आणखी एक गोष्ट, जिची मला खरंच चीड येते. "समोरचा ४५ ने देतो." देऊ दे ना! तुम्ही फुटाचा दर सांगितलात, म्हणून त्याला तुलना करता आली. दर सांगूच नका. साईज विचारा, कुठे लावायचंय विचारा, ऊन-पाऊस लागणार का विचारा, आणि नगाची किंमत सांगा. फिटिंग वेगळं. रोलचा हिशोब तुमच्या वहीत राहू दे.

ते काचेच्या दाराचे दुकानदार पुढच्या वर्षी परत आले, दुसऱ्या दुकानासाठी. तेच दोन पाखी दार, तीच २५ इंची मागणी. या वेळी मी आधी कागदाचे दोन गोल कापले, साडेबावीस इंचाचे, आणि काचेवर चिकटपट्टीने लावून दाखवले. दोन्ही एका ओळीत बसतात, मधली थोडी जागा धरून रोल जातो जवळजवळ पावणेआठ फूट. व्हिनाईल-लॅमिनेशनचे २३०, शाईचे ७०, माझा माल ३०० मध्ये. किंमत सांगितली ७००, फिटिंगचे वेगळे. ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले, तिथून दार बघितलं, परत आले आणि म्हणाले, "ताई, हेच बरं दिसतंय. हँडलला लागत नाही." फुटाचा दर त्यांनी विचारलाच नाही.